पहिली नजर आरशाला

१

कवडू सुताराची दुपार ठरलेली होती. उन्हं अंगावर यायच्या आत तो नालवाडीतल्या घरून निघे, मिशनच्या आवारात पोचे, बारा वाजेपर्यंत काम करून ओट्यावर भाकर सोडी आणि मग आत थंड फरशीवर, दुपट्टा डोक्याखाली घेऊन, तासभर ताणून देई. चैत्रातल्या वर्ध्यात याहून शहाणा दिनक्रम कुणी दाखवला असता तर कवडूने त्या माणसाचे पाय धरले असते. उठल्यावर चूळ भरायची, एक विडी ओढायची आणि पुन्हा मूर्तीपाशी जायचं.

मूर्ती म्हणजे मरियामातेची. हिंगणीच्या जंगलातलं सागवान, दोन वर्षं सावलीत वाळवलेलं. देवळाला देऊळ म्हणायचे ते एकटे फादर तुस्कानो, कारण ते वसईकडचे आणि तिकडचे ख्रिस्ती तसंच म्हणतात. नालवाडीच्या तोंडी तो गिर्जा होता. मिस्सेच्या प्रार्थनेला येणारी माणसं म्हणजे रेल्वेतली आठ-दहा घरं आणि आजूबाजूच्या खेड्यांतली थोडी. या लोकांना मुंबईहून प्लॅस्टरची मूर्ती हवी होती, गुलाबी गालांची आणि निळ्या डोळ्यांची. फादर अडून बसले. सुंदर गोष्ट लांबूनच यावी लागते असं कुणी सांगितलं, असं ते भर सभेत म्हणाले. तान्ह्या पोळ्याच्या बाजारात त्यांनी कवडूने कोरलेले लाकडी नंदी पाहिले होते, त्याच्या हातचे महालक्ष्म्यांचे मुखवटेही पाहिले होते, आणि दुसऱ्याच दिवशी घर विचारत ते दारात येऊन उभे राहिले होते.

आणि खरंच मूर्ती झाली होती देखणी. इकडच्या बाया पोर घेतात तसं कडेवर पोर घेतलेली, एका पायावर भार दिलेली, डोक्यावर पदर. सगळं झालं होतं. फक्त आईचे आणि पोराचे डोळे तेवढे राहिले होते. डोळ्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत लाकूड होतं.

कवडूच्या घराण्यात डोळे शेवटी काढत. तोवर मूर्तीचं तोंड भिंतीकडे. आणि डोळे उघडायच्या वेळी समोर आरसा धरायचा, म्हणजे पहिली नजर माणसावर पडत नाही. का, ते बापाने सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. एवढंच की या रीतीचं निमित्त करून तीन आठवडे तो वेळ मारून नेत होता. आज तिथी बरी नाही, उद्या कोरणीला धार लावायची आहे, असं रोज काहीतरी.

खरी गोष्ट अशी की कवडूला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दिसे, झाड दिसे, पण पापणीची रेघ दिसत नसे. गेल्या भादव्यात गावातल्या प्रभाकररावांकडच्या धाकट्या महालक्ष्मीचा डावा डोळा तिरपा झाला. त्यांनी मुखवटा एक शब्द न बोलता, नव्या कापडात गुंडाळून परत पाठवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं होतं. तो मुखवटा त्याने गवताच्या गंजीत खुपसला आणि बायकोलाही सांगितलं नाही. आता या एका चेहऱ्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पूर्ण अंधार होण्याआधी एक चेहरा साजरा व्हावा, बस्स. आणि तोच आपल्या हातून बिघडणार, ही भीती त्याला भाकरीचा घास गोड लागू देत नव्हती.

२

एका सोमवारी तो आला तर कोनाड्यात मरिया नव्हती. तिच्या जागी जांभळ्या कापडाचा एक उभा गठ्ठा होता.

नुसती तीच नाही. वेदीवरचा क्रूस, कोपऱ्यातला संत, सगळेच जांभळ्या कापडात गेले होते. देवळाची झाडलोट करणारी तानाबाई म्हणाली, ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे असंच झाकतात, दरसाल झाकतात. फादरांनी आदल्या संध्याकाळी मूर्ती भिंतीकडून वळवली, कोनाड्यात नीट बसवली आणि वरून कापड घालून तळाशी दोरी बांधली. आता ते निघायचं थेट पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी.

फादरांनी त्याला समजावून सांगितलं. डोळ्यांचं काम ईस्टरनंतर सावकाश करा, म्हणाले, काही घाई नाही.

इथे कवडूने बोलायला हवं होतं. डोळे नसलेला चेहरा माणसांकडे वळवून, वरून झाकून ठेवत नाहीत, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण दोन आठवडे आयते मिळाले म्हणून त्याचा जीव असा काही भांड्यात पडला की ते सांगायचं राहूनच गेलं. तो हौ म्हणाला. फादरांनी त्याला दुसरं काम दिलं. गुरुवारपासून शनिवारपर्यंत देवळातली घंटा वाजत नाही, तिच्याऐवजी लाकूड वाजवतात. तसा एक लाकडी खटखटा करून हवा होता. दोन फळ्या आणि मधे हातोडी, पोरखेळाचं काम. कवडू बाहेर निंबाखाली फळ्या रंधत बसला आणि दुपारी नेहमीसारखा आत जाऊन झोपला. झोप छान लागली.

३

बुधवारी झोपेतून उठून तो कोनाड्याजवळून जात होता तेव्हा तळपायाला काहीतरी लागलं.

तो वाकला आणि बोटांनी चाचपू लागला. लाकडाचे छिलके होते, तीन. नाकाशी धरले तर ताज्या सागाचा वास आला. पातळ, गोल वळलेले, कापलेल्या नखाएवढे. असा छिलका रंध्यातून पडत नाही, पटाशीतूनही पडत नाही. तो पडतो सगळ्यात बारीक कोरणीतून, आणि कवडूची ती कोरणी डोळ्यांशिवाय कशालाच लागत नसे.

त्याने आधी स्वतःशी शहाण्यासारखा विचार केला. जुने असतील, कुठल्या फटीत अडकले असतील. पण जुन्या छिलक्याला वास राहत नाही. भुंगा लागला असेल. पण भुंगा पीठ पाडतो, छिलके नाही. त्याने हत्यारांची गुंडाळी सोडून पाहिली. गाठ त्याची नेहमीचीच, डावीकडे वळणारी. कोरणी जागेवर होती. तिच्या धारेवरून अंगठा फिरवला तर ती लखलखीत लागली, आणि कवडूने तीन आठवड्यांत तिला दगड दाखवला नव्हता.

तानाबाईला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली सकाळी सगळं झाडून काढलं, मग कोणी आलं नाही, उंदीर असेल.

"उंदीर कोरणी चालवते का?" कवडू म्हणाला.

तानाबाई हसली. कवडू हसला नाही. छिलके त्याने विडीच्या बंडलाच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवले. का ठेवले ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

४

शुक्रवारी पाच छिलके होते. शनिवारी सात. रोज त्याच जागी, कापडाच्या काठाखाली.

सोमवारी दुपारी तो जागाच राहिला. आत न झोपता बाहेर नळापाशी हातपाय धुवत बसला. आवारात पानही हलत नव्हतं. तानाबाई घरी गेली होती. फादर आपल्या खोलीत लिहीत बसलेले त्याला खिडकीतून दिसत होते, म्हणजे पांढरा झगा तेवढा दिसत होता.

आणि देवळातून आवाज आला.

मोठा नव्हता. किर्र असा बारीक, मग थांबणं, मग पुन्हा किर्र. कवडूला तो आवाज लहानपणापासून ठाऊक होता. बाप कोपऱ्यात बसून डोळे काढायचा तेव्हा सगळं घर गप्प बसून हाच आवाज ऐकायचं. ओले हात तसेच धरून तो उभा राहिला. झाडावर टोचा मारणारं पाखरू असेल, असं मनाला सांगून पाहिलं. छपराचं लाकूड उन्हाने तडकत असेल, असंही सांगितलं. मन ऐकायच्या बेतात होतं.

मग आवाज थांबला आणि कुणीतरी फुंकर मारली.

कोरणारा माणूस रेघ काढून झाली की भुसा उडवायला मारतो तशी. हलकी, सवयीची. पाखरू फुंकर मारत नाही आणि छप्परही मारत नाही.

कवडू आत गेला. देवळात कुणी नव्हतं. कोनाड्यातल्या कापडाला तोंडाच्या उंचीवर एक हिसका बसल्यासारखा झाला आणि ते पुन्हा सरळ लोंबू लागलं. वारा म्हणावा तर वारा नव्हता. त्याने हात जोडले. मग आपण कुणाला हात जोडतो आहोत हे न कळून ते सोडले आणि बाहेर आला.

५

तो तडक फादरांच्या खोलीत गेला. सांगून टाकावं असं ठरवूनच गेला होता. पण फादरांचा चेहरा पाहून, म्हणजे त्यांचा सुस्कारा ऐकून, त्याचं अवसान गळालं. टेबलावर कागदांचा ढीग होता. फादर मरियेवर एक अभंग लिहीत होते, ईस्टरला लोकांनी मराठीत म्हणावा म्हणून. महिनाभर ते शेवटच्या चार अक्षरांपाशी अडले होते. त्यांनी त्याला बसवलं आणि म्हणून दाखवलं.

"कडेवरी बाळ, उभी दारी माय । जग येत जाय," आणि मग थांबले. "इथं चार अक्षरं हवीत, कवडूजी. तिचे डोळे काय करतात ते सांगणारी. मी 'पाहे सारे' लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला कसं वाटतं?"

कवडूने जन्मभर जात्यावरच्या ओव्या ऐकल्या होत्या. तो म्हणाला, "गोड नाई लागत फादरजी. येनाऱ्या-जानाऱ्यावर पहारा ठेवल्यावानी वाटते."

फादर हसले. खरं आहे, म्हणाले. अकरा पानं खोडली आहेत. सुंदर शब्द सापडतो, पण तो खरा नसतो. खरा सापडतो तो सुंदर नसतो. दोन्ही एकदम येईपर्यंत बसून राहायचं, दुसरा इलाज नाही. तुमचंही तसंच चाललं आहे, हे मला कळतं.

हे ऐकून कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा भला माणूस आपल्या लपवाछपवीला तपश्चर्या समजतो आहे. त्याने विषय बदलला. कापडाखालून तिला दिसते का, असं विचारलं.

"कापड तिच्यासाठी नाही हो," फादर म्हणाले. "आपल्यासाठी आहे. दोन आठवडे डोळ्यांनी उपास करायचा. म्हणजे मग दिसेल ते नीट दिसतं."

माझे डोळे दोन वर्षं उपाशी आहेत, असं कवडूच्या अगदी ओठांवर आलं. तो उठला आणि घरी गेला.

६

मंगळवारी तो बायकोला, देवकाबाईला, घेऊन आंजीला गेला. तिच्या भावाकडे, नानाजीकडे, लग्न होतं. दोन दिवस देऊळ डोळ्यांआड होणार म्हणून कवडू मोटरीत बसल्यावर मोकळा श्वास घ्यायला लागला. फादरही त्याच सकाळी पुलगावला गेले होते आणि तेही बुधवारी संध्याकाळीच परतणार होते. देवळाला कुलूप होतं. एक किल्ली त्यांच्यापाशी, दुसरी तानाबाईपाशी.

मांडवात हळद लागत असताना देवकाबाईने त्याचा हात हातात घेतला आणि नखांकडे बघत राहिली.

"हे जांभळं काय लागलं बोटाईले?" ती म्हणाली. "आठ दिवसापासून पाहून राह्यली मी. धुतलं तरी जात नाई."

काहीतरी रंग असेल, असं म्हणून त्याने हात ओढून घेतला. पण डोक्यात लख्ख उजेड पडला. जांभळं म्हणजे कापडाचा रंग. घामेजल्या हाताला लागलेला. म्हणजे कापडाखाली हात घालणारा दुसरातिसरा कुणी नसून कवडूच. दुपारच्या झोपेत उठून आपणच जात असू. आपणच गुंडाळी सोडत असू आणि आपल्याच गाठीने बांधत असू. झोपेत चालणारी माणसं त्याने ऐकली होती. सोमवारचा आवाज तेवढा उरत होता, कारण तेव्हा तो जागा होता. पण घाबरलेल्या माणसाला एखादा आवाज जास्तीचा ऐकू येतोच, असं म्हणून त्याने तोही निकालात काढला.

जीव हलका झाला. त्या दिवशी त्याने पाच पुऱ्या खाल्ल्या. नंतर मात्र दुसरी भीती उगवली. झोपेतल्या आंधळ्या हाताने आपण त्या चेहऱ्याचं काय करून ठेवलं असेल? तिरपा डोळा त्याला आठवला. आता तो डोळा कापडात गुंडाळून परत येणार नव्हता, सगळ्या लोकांसमोर उघडा पडणार होता. आणि आरशाशिवाय.

गुरुवारी सकाळी तो खटखटा घेऊन देवळात गेला. तानाबाईने त्याच्यासमोरच कुलूप काढलं. मंगळवारी तुम्ही मोटरीला निघालात तेव्हा झाडून बंद केलं होतं, म्हणाली, फादर रात्री दमून आले आणि थेट निजले, नंतर कोणी पाय ठेवला नाही.

कोनाड्याखाली ओंजळभर छिलके पडले होते.

हत्यारांची गुंडाळी दोन दिवस आंजीला होती, कवडूच्या उशाखाली.

७

शुक्रवारी तीन वाजता प्रार्थना होती. बारा वाजता देऊळ रिकामं होतं, वेदीही उघडी केली होती, तिच्यावर कापडाचं चिंधूकसुद्धा नव्हतं. कापड होतं ते फक्त झाकलेल्या क्रूसावर, संतावर आणि कोनाड्यात.

कवडूने ठरवलं होतं की बघायचं नाही. बघून तसंही काही कळणार नव्हतं. पण बोटांना कळलं असतं. त्याने डोळे मिटले, तळाची दोरी सैल केली आणि हात कापडाखाली घातला.

आधी पदराच्या चुण्या लागल्या. मग पोराची पावलं, मग आईचा खांदा. हे सगळं त्याचं होतं, ओळखीचं. कापडाखाली बाहेरच्यापेक्षा उकडत होतं. गळा, हनुवटी, ओठ. बोटं नाकावरून वर सरकली आणि थांबली. त्याच्या छातीत एवढे ठोके पडत होते की तोच एक खटखटा वाजतो आहे असं त्याला वाटलं. अजून एक बोट वर गेलं की गुळगुळीत लाकूड लागायला हवं होतं. लागावं, अशी त्याने मनापासून प्रार्थना केली. कुणाची, ते महत्त्वाचं नव्हतं.

बोट वर गेलं. तिथे पापणीची कड होती.

ताजी, धारदार, नुकती सोडलेली. आणि गरम होती. कोरणीखाली लाकूड गरम होतं, तेवढंच. म्हणजे हत्यार आत्ताच उचललं होतं.

कवडूने हात असा बाहेर काढला की दोरी तुटली. तो बाहेर ओट्यावर येऊन बसला. तीन वाजता लोक आले. तानाबाईने खटखटा वाजवला. लाकडाचा तो कोरडा आवाज देवळाबाहेर येत होता आणि कवडू निंबाखाली बसून ऐकत होता. पळून जावं, आंजीला जावं, नानाजीकडे बैल राखावेत असं वाटत होतं. पण उद्या कापड निघणार होतं. पहिली नजर कुणावर तरी पडणार होती, आणि तोंड भिंतीकडे फिरवायचं राहिलं ते आपल्यामुळे, हे तो विसरू शकत नव्हता.

८

शनिवारी चार वाजता देवकाबाई भाकर घेऊन आली. सोबत तिचा कुंकवाचा आरसा होता, त्याने सांगून ठेवला होता तो. फादर रात्रीच्या मिस्सेची तयारी करत होते. स्टूल लावून ते कोनाड्याशी चढणार तोच कवडू पुढे झाला.

"फादरजी, थांबा जरा," तो म्हणाला. "आत जे असंन ते मी पाहून केलं नाई. मले दिसत नाई. दोन साल झाले. रेघ दिसत नाई, पापणी दिसत नाई. मी तुमाले खोटं सांगून राह्यलो होतो."

फादर काही बोलायच्या आत देवकाबाईच बोलली.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "भादव्यात तो मुखोटा गंजीत सापडला मले. कोरडा रायला पायजे म्हणून पेटीत ठेवला. तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राह्यली होती."

कवडूला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. इतके दिवस ज्या दाराला पाठ लावून तो उभा होता, ते दार पलीकडून कधीचं उघडं होतं. फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग आरसा कशाला, असं हळूच विचारलं आणि कारण ऐकून नुसती मान हलवली. हसले नाहीत. तुमच्या घरची रीत आहे ना, म्हणाले, मग धरा.

कवडू मूर्तीकडे पाठ करून उभा राहिला आणि आरसा तोंडासमोर धरून खांद्यावरून मागे रोखला. फादर स्टुलावर चढले. त्यांनी दोन्ही हातांनी कापड धरलं आणि वर उचललं.

आरशात कवडूला जांभळं सरकताना दिसलं. त्यामागे सागाचा पिवळसर उजेड. फादरांचे दोन हात, वर जाणारे. आणि तिच्या गालाशी आणखी एक हात, जो कापडाबरोबर वर गेला नाही. तो सावकाश मागे झाला, काम संपलेल्या माणसाचा होतो तसा, आणि मग तिथे नव्हता. मोतीबिंदू झाल्यावर एकाचे दोन दिसतात, हे कवडूला ठाऊक होतं. दोनाचे तीन दिसतात की नाही, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"वळा," देवकाबाई म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागत होता. "वळा हो. आरशाची गरज नाई. ती आपल्याकडं पायतच नाई."

तो वळला. अंधुक दिसलं. मग जवळ जाऊन त्याने बोटं लावली. पापण्या खाली उतरल्या होत्या. डोळे उघडे होते, पण नजर सरळ कडेवरच्या पोरावर. दाराकडे नाही, वेदीकडे नाही, माणसांकडे तर नाहीच. पहिली नजर जिथे पडायची तिथेच पडली होती. डाव्या डोळ्याच्या टोकाशी एक इवलासा जादा कट लागला. तरणेपणी मनगट मोडल्यापासून कवडूचा हात तिथे हमखास वळायचा. त्याच्या प्रत्येक मुखवट्याला तो कट होता.

"हे माह्या हातचं हाये," तो म्हणाला. त्याच्या मानेवरून मोठं ओझं उतरलं.

दिसत नसताना हातांना येत होतं तर. निदान थोडं तरी हातांनीच केलं होतं. मंगळवार-बुधवारचं काय, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून फादरांचा सण कशाला बिघडवायचा?

फादर खाली उतरले आणि मागे सरून मूर्ती पाहू लागले. मग पुटपुटले, "जग येत जाय, ती न पाहे." त्यांनी बोटांवर चार अक्षरं मोजली, पुन्हा मोजली आणि कागद शोधायला जवळजवळ पळतच गेले. म्हाताऱ्या माणसाला झगा सावरत पळताना पाहून देवकाबाई पदर तोंडाला लावून हसली. आर्वीला डोळ्यांचा डॉक्टर येतो, तिकडे जाऊ, असंही तिने लगोलग ठरवून टाकलं. कवडू हौ म्हणाला. आज तो कशालाही हौ म्हणाला असता.

पोराचे डोळे मात्र तसेच होते. कोरे, गुळगुळीत. ते त्याच्यासाठी ठेवले होते, असं त्याला वाटलं.

देवकाबाई ओट्यावर जाऊन बसली. कवडूने गुंडाळी सोडली, बारीक कोरणी घेतली आणि स्टुलावर चढला. या डोळ्यांना आरसा नको होता, समोर आई होती. त्याने स्वतःचे डोळे मिटून घेतले. डाव्या हाताचं बोट पुढे, त्यामागे कोरणी. किर्र, थांबणं, किर्र. रेघ चुकली नाही. पापणी बोटाखाली उगवत गेली, आणि आपल्याला येतं आहे, अजून येतं आहे, या आनंदात त्याने पुढची रेघ ओढली.

पहिला डोळा झाला. खाचेत भुसा साठला होता, तो उडवायला त्याने कोरणी बाजूला घेतली.

त्याने श्वास आत घ्यायच्या आधीच, अगदी जवळून, वरून, एक हलकी फुंकर त्याच्या बोटांवर आली. भुसा उडून गेला.

डोळे त्याने उघडले नाहीत. बाहेर देवकाबाई तानाबाईशी बोलत होती आणि फादरांच्या खोलीतून अभंग गुणगुणल्याचा आवाज येत होता.

"हौ," तो हळूच म्हणाला आणि त्याने दुसरा डोळा काढायला घेतला.